तेर–पैठण–भडोच: जुनी व्यापारी वाट नकाशावर काढतेय, संगणक मला नाथसागरावरून चालवतोय

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

माझं माहेर तेरच्या शेजारचं. लहानपणी पाहुणे आले की बाबा त्यांना लामतुरे संग्रहालय दाखवायला न्यायचे. तिथे एक छोटी हस्तिदंती बाई आहे. तिच्यासमोर उभं राहून बाबांचं ठरलेलं वाक्य: "हिची बहीण इटलीत सापडली." पाँपेईच्या राखेतून १९३८ साली निघालेली ती दुसरी बाई मी फोटोतच पाहिली, पण घराण्याचं साम्य खरंच आहे.

आता गावच्या वाचनालयाला नकाशा हवाय. सहा फूट बाय चार फुटांचा फ्लेक्स, दिवाळीआधी. वाचनालयाच्या काकांची कल्पना पक्की आहे: तेरवर लाल ठिपका, रोमवर लाल ठिपका, मधे जाड लाल बाण. मी म्हटलं, काका, बाण तर फ्लेक्सवालाही काढेल, त्याला मी कशाला? आणि हे बोलून स्वतःच अडकले.

पेशाने मी नकाशेच काढते, पण पाण्याच्या पाइपलाइनींचे. म्हणून म्हटलं, वाट शोधायची तर हिशेबाने शोधू. आधाराला पेरिप्लस घेतलंय. पहिल्या शतकातला निनावी ग्रीक मजकूर, लिहिणारा बहुधा इजिप्तमधला व्यापारी. तो म्हणतो, गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण, पैठणपासून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आमचं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तगरहून भरपूर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जातं. इतकंच. मधल्या एकाही गावाचं नाव नाही.

पहिला प्रयत्न: क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये एसआरटीएमचा जमिनीच्या उंचीचा डेटा उतरवला, ३० मीटरचा, अमेरिकेच्या अंतराळयानाने, म्हणजे शटलने, फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेला. उतार काढला तर अख्खा मराठवाडा कड्यासारखा उभा! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये आहे. मी हे काम रोज करते, कुणाला सांगू नका. सगळं यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात (ईपीएसजी ३२६४३) आणल्यावर जमीन पुन्हा आडवी झाली. भडोच ते तेर त्या एकाच पट्ट्यात बसतं, तेवढं नशीब.

दुसरा प्रयत्न: नेस्मिथ–लँगम्युअरचं चालीचं सूत्र. सपाटीवर माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर चालतो, चढ-उतार वाढला की वेग घटतो. त्यावर बेतलेलं, कमी कष्टाची वाट शोधणारं आर-वॉक हे साधन (ग्रास या प्रोग्रॅममधलं) चालवलं. सुरुवात पैठण, आणि शेवट म्हणून तीन बंदरं दिली: भडोच, सोपारा, कल्याण. वाट पैठणातून निघाली ती सरळ तिथल्या धरणाच्या जलाशयावर, नाथसागरावर गेली आणि पाण्यावरून चालत पार झाली. ज्या गावात रेड्याने वेद म्हटले तिथे हेही चालत असेल, पण फ्लेक्सवर कसं दाखवू? धरण १९७६चं. शटलला ते सपाट ताट दिसलं, आणि माझ्या हिशेबात सपाट म्हणजे सोपं.

पुढे ती गेली कल्याणला. माळशेज–नाणेघाटाच्या बाजूच्या एका नाळेतून, म्हणजे उभ्या घळीतून, जिथे ट्रेकवालेही दोर घेऊन जातात. भडोच तिला मान्यच नाही. अंतराने पाहिलं तर तिचं खोटंही नाही: पैठण–कल्याण सरळ रेषेत २४० किलोमीटरच्या आत, पैठण–भडोच ३५०. मग हा ग्रीक माणूस गाड्या भडोचला का नेतोय?

तर धरणाचं काय करू, माणसाऐवजी बैलगाडी कशी चालवू, आणि भडोचच्या पुढे समुद्रात काय काढू? नकाशातलं आणि इतिहासातलं, दोन्हीकडचं सांगा.

गाडीवाट

ताई, शेवटून सुरू करतो.

तुमची वाट कल्याणला गेली ते बरोबरच आहे. सातवाहनांनी नाणेघाट त्यासाठीच राबता ठेवला होता. वर सातवाहन राणी नागनिकेचा लेख, बाजूला तो दगडी रांजण ज्याला सगळे जकातीचा रांजण म्हणतात, खाली कोकण. पण पेरिप्लस तुमच्याकडे आहेच, तर पुढचाच परिच्छेद वाचा. कल्याणचं नाव येतं तिथेच लिहिलंय की आधीच्या राजाच्या काळात ते रीतसर बंदर होतं, पण सत्ता बदलल्यापासून तिथे अडवणूक आहे आणि चुकून तिकडे गेलेल्या ग्रीक जहाजाला पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. क्षत्रप आणि सातवाहनांची ओढाताण चालू होती. ती केवढी होती ते बघायचं तर नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा साठा बघा: क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने नंतर आपला छाप मारलेला. आता हे तुमच्या आर-वॉकला कोण सांगणार? त्याला चढ कळतो, चौकी कळत नाही. म्हणून कल्याण शेवट म्हणून देऊच नका. किंवा द्या, आणि दोन्ही वाटा काढून एकीवर "बंद" लिहा. मला विचाराल तर तुमच्या फ्लेक्सवरची सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच होईल.

आता बैल. मी धुळ्याकडचा, चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, पण घर शेतकऱ्याचं. आजोबा कापसाची गाडी घेऊन बाजाराला जायचे तेव्हा शाळा बुडवून मी गाडीत. पहाटे अंधारात जुंपायची. ऊन चढलं की नदीकाठी सोडायची, बैलांना पाणी, वैरण, आपली भाकरी. ऊन उतरल्यावर पुन्हा जुंपायची ती दिवेलागणीपर्यंत. सहा-सात कोस झाले की आजोबा खुशीत. मजल कुठे संपवायची ते पुढचं पाणी कुठे आहे त्यावर ठरायचं. एकदा एका ओढ्याला पाणी असेल म्हणून पुढे गेलो आणि तो कोरडा निघाला, तेव्हा त्यांनी ढवळ्याच्या मानेवरून हात फिरवत अंधारात आणखी दीड कोस गाडी हाकली. रागावले नाहीत. पण त्या रात्री स्वतः जेवले नाहीत.

हे कशाला सांगतोय ते बघा. तुमचे ३५० किलोमीटर भागिले २० दिवस म्हणजे साडेसतरा. ते सरळ रेषेत. वाट वळसे घेणार, चौथा हिस्सा वाढवा, बावीसच्या आसपास. पैठण–तेर सरळ रेषेत १५०, दहा दिवसांनी भागा, वळसे धरा, एकोणीस. सहा-सात कोस! दोन हजार वर्षांपूर्वीचा तो ग्रीक कधी पैठणला आला असेल असं मला वाटत नाही, पण त्याला ज्या कुणी सांगितलं तो माणूस गाडीवाला होता. आकडे गोळाबेरीज आहेत, दिशाही ढोबळ आहेत (दोन्ही टप्पे खरं तर आग्नेयेला जातात), तरी मजल बरोबर बसते. फ्लीटने १९०१ साली तगर म्हणजे तेर हे मांडलं, त्याआधी लोक तगर थेट दौलताबादला नेऊन बसवत होते. दौलताबाद पैठणच्या वायव्येला, एवढंसं लांब. दहा दिवस बैल काय करत होते मग, रवंथ?

तुमचं नेस्मिथ–लँगम्युअरचं सूत्र माणसाच्या चालीचं आहे, ते सोडा. भरल्या गाडीला आठ-दहा टक्क्यांच्या वरचा चढ म्हणजे बैल बदलायचे नाहीतर माल उतरवायचा. दहा टक्क्यांच्या वर खर्च, म्हणजे तेवढी जमीन पार करायचा त्रास, एकदम दहापट करून बघा, तुमची नाळ आपोआप गायब होईल. नाणेघाट पायऱ्यांचा, तिथे पाठीवर माल लादलेली जनावरं चालतात, चाक चालत नाही. आणि ग्रीक स्पष्ट "गाड्या" म्हणतोय, म्हणजे त्याची वाट घाटमाथ्यावरून कोकणात उडी मारत नाही, खानदेशात उतरून तापीच्या अंगाने जाते. हे माझं मत, पण बैलांचंही तेच असावं.

ऋतूही घाला. आमची काळी जमीन पावसात चाक गिळते. जून ते सप्टेंबर गाडीला रस्ता नाही असंच धरा. दसऱ्याला सीमोल्लंघन करून पैठणहून निघालेली गाडी वीस दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे भडोचला. जहाजं कधी सुटायची ते इथल्या दर्यावर्दी लोकांनी सांगावं.

नाथसागर. तळाची उंची शोधत बसू नका, त्यात महिने जातील. पाणी पूर्ण भरलं की १५२२ फूट, हा आकडा आमच्या पेपरात दर पावसाळ्यात येतो. त्या पातळीचा बहुभुज काढा आणि आतला खर्च शेजारच्या सपाटीएवढा एकसारखा ठेवा. मग जुनी गोदावरी स्वतः हाताने रेखाटा. त्यासाठी दोन ठिकाणं. एक, अमेरिकन लष्कराने १९५०च्या दशकात छापलेले भारताचे यू-५०२ मालिकेचे नकाशे, एक सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहेत. दोन, कोरोना. नाव ऐकून घाबरू नका, ते १९६० ते १९७२ दरम्यानचे हेरगिरीचे उपग्रह होते, त्यांचे फोटो १९९५ साली खुले झाले. दोन्हीत धरण नाही. जिओरेफरन्स करताना, म्हणजे जुना नकाशा आजच्या जागांवर बसवताना, यू-५०२ चा डेटम (मोजणीचा पाया) जुना एव्हरेस्टचा आहे हे विसरू नका, नाहीतर गाव नदीत जाईल. आणि ताई, पैठण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहे. भडोचला निघालेल्या गाडीला गोदावरी ओलांडायचीच नाही. ती ओलांडायची तेरहून येताना.

शेवटचं. एक रेघ काढू नका. पैठणकडून एकदा खर्च काढा, भडोचकडून एकदा, रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये दोन्हींची बेरीज करा. सगळ्यात कमी बेरजेच्या पाच टक्क्यांच्या आत जे येतं त्याचा पट्टा रंगवा. मग त्या पट्ट्यावर लेणी टाकून बघा. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेखात पैठणच्या एका गंधिकाचं, म्हणजे सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याचं दान आहे. लेणी आधी हिशेबात घालू नका. घातलीत तर वाट तिथूनच जाणार, आणि तुम्ही खूश होणार.

डोलकाठी

वरच्या काकांनी दर्यावर्दींना हाक मारली म्हणून आलो. रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत पंचवीस वर्षं.

ताई, समुद्रात सर्वांत जवळची वाट काढायच्या भानगडीत पडू नका. जमिनीवर चढ मोजता तसा इथे वारा मोजायचा, आणि वारा महिन्यागणिक फिरतो. एकाच दोन बंदरांमधली जायची आणि यायची वाट वेगळी येईल. दोन रंग वापरा.

जाताना म्हणजे इजिप्तहून इकडे: पेरिप्लस सांगतं जुलैत निघा. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात वारा उत्तरेकडून, म्हणजे पाठीवर. बाहेर पडलात की नैऋत्य मोसमी. जुलै-ऑगस्टचा अरबी समुद्र मी आठ मजली जहाजाच्या ब्रिजवरून पाहिलाय, चहाचा कप टेबलावर राहत नाही, ओला रुमाल खाली अंथरावा लागतो. लाकडी जहाजातून हे करणाऱ्यांना माझा नमस्कार. हिशेब असा असणार की मोसमी वाऱ्याचं शेपूट धरून यायचं आणि आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत सप्टेंबर उजाडायचा, जोर ओसरलेला. ग्रीकांनी या वाऱ्याला हिप्पालस नाव दिलं, त्याच नावाच्या कुणा नाखव्यावरून म्हणे. आमच्या आणि अरबी तांडेलांना तो वारा त्याच्या आधीपासून ठाऊक असणारच. वाऱ्याला शोधकर्ता कसला?

परत जाताना डिसेंबर-जानेवारी, ईशान्य वारा. रोमन लेखक प्लिनी तेच महिने देतो. म्हणजे दिवाळीला भडोचला पोचलेल्या तुमच्या तेरच्या कापडाला महिना-दीड महिना गोदामात काढावा लागत असेल. काकांचा बैल आणि माझा वारा जुळतात बघा.

आता एक गोष्ट जी नकाशावर हटकून चुकते. लोक रेघ थेट सुएझपर्यंत ओढतात. हिवाळ्यात तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात वारा पाठीवर असतो, पण वर गेलात की उत्तरेचा वारा तोंडावर येतो, बारा महिने. शिडाने त्याच्यावर चढणं म्हणजे जिवाचे हाल. म्हणून बंदर खाली, बेरेनिके इथे, साधारण २४ अंश उत्तरेला. तिथे माल उतरवायचा आणि उंटांवर घालून वाळवंटातून नाईलवरच्या कोप्टोसला. प्लिनी आकडा देतो: २५७ रोमन मैल, १२ दिवस, उन्हामुळे बराचसा प्रवास रात्री. म्हणजे ३८० किलोमीटर उंट परवडले, पण उत्तरेचा वारा नको. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात साडेसात किलोंवर काळी मिरी सापडलीय, आणि भारतातलं सागवानही. मिरी केरळची, ती तुमच्या फ्लेक्सवर घेऊ नका, पण रांजणाचं चित्र लावायला हरकत नाही.

दिवसांचे आकडे: बेरेनिकेहून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओकेलिसला सुमारे ३० दिवस, तिथून हिप्पालस वाऱ्यावर मुझिरिसला ४०. हे केरळचे. भडोचचे दिवस प्लिनी देत नाही. ते मनाने भरू नका.

आणि भडोचच्या तोंडाशी थोडं थांबा. पेरिप्लसमधलं मला सर्वांत खरं वाटलेलं वर्णन तिथलं आहे: भरती अचानक गर्जत येते, उभी जहाजं आडवी होतात, नवख्याला आत शिरणं अशक्य. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी त्राप्पाग आणि कोटिंब नावाच्या होड्या घेऊन पार सौराष्ट्रापर्यंत सामोरे जायचे आणि जहाज ओढत, भरतीबरोबर चालवत, ओहोटीला ठरलेल्या डोहात नांगरत आत आणायचे. पायलट बोटी! आजही खंबातच्या आखातात आम्ही पायलट घेतो. नदीच्या मुखापासून शहर ३०० स्टेडिया आत, पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तुमच्या नकाशावर समुद्राची रेघ भडोचच्या ठिपक्याला चिकटवू नका. मुखापाशी संपवा आणि आतला टप्पा वेगळा दाखवा.

किनाराही आजचा वापरू नका, निदान फिका करा. नालासोपाऱ्याला बंदर म्हटलं तर लोकलमधले लोक हसतील.

शंकासुर

सगळं छान चाललंय, मी थोडा विरजण घालतो.

तेर ते रोम बाण काढताच येत नाही. नीट काढला तरी. तेरच्या विणकराने कापड कुणाला तरी विकलं, त्याने पैठणला, त्याने भडोचला. ग्रीकाने ते भडोचला घेतलं. वाटेत ते किती हातांतून गेलं आणि रोमपर्यंत गेलं की अलेक्झांड्रियातच कुणाच्या अंगावर चढलं, काय माहीत. वाट एक नव्हती, तुकड्या-तुकड्यांच्या वाटा होत्या आणि प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा. "रेशीम मार्ग" हा शब्दही १८७७ साली रिश्टहोफेन नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञाने रूढ केला. ज्यांनी त्या वाटांवर उंट हाकले त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. त्याने नकाशावर रेघ ओढली आणि तेव्हापासून आपण सगळे रेघाच ओढतोय. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला कुणाच्या तरी गावातून रेशीम मार्ग जातो.

म्हणून प्रत्येक तुकडा वेगळी ओळ करा, आणि तिला आधाराचा आणि खात्रीचा रकाना द्या. प्लेयाडेस नावाचा प्राचीन स्थळांचा खुला कोश आहे, तिथे जुन्या ठिकाणांना कायमचा क्रमांक मिळतो. तो वापरा, म्हणजे उद्या कुणी तगर दुसरीकडे आहे असं सिद्ध केलं तर तुमचा नकाशा दुरुस्त करता येईल. स्टॅनफर्डच्या ऑर्बिसमध्ये रोमन जगातल्या प्रवासाला किती दिवस आणि किती खर्च लागेल ते महिन्यानुसार निघतं. भारतापर्यंत ते येत नाही, पण मांडणी कशी करायची ते शिकण्यासारखं आहे. अलेक्झांड्रियाच्या पुढचं तिथूनच घ्या.

आणि येणाऱ्या मालाचं कुणी बोललं नाही. भडोचला काय उतरायचं? इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, आणि सोन्या-चांदीची नाणी, जी बदलताना नफा व्हायचा. बाण दोन्हीकडे टोक असलेला हवा. बाण काढूच नका हे वर सांगितलंच आहे.

तेरणाकाठ

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण तीन आठवडे हेच करत होते. नवऱ्याने घरात नाथसागर हा शब्द बंद केलाय.

गाडीवाटकाका, नाथसागरातून सुटले आणि उकाईत बुडाले. तापीवरचं तेही धरण, १९७२चं, तेही शटलला सपाट दिसलेलं, आणि वाट तिथे आधीच जाऊन बसली होती. पुन्हा बहुभुज, पुन्हा जुनी नदी. यू-५०२ वर तापी रेखाटताना रात्रीचे दोन वाजले. पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं त्या नकाशावर बारीक अक्षरांत आहेत. नदी काढायची सोडून मी ती नावंच वाचत बसले.

दहा टक्क्यांचा उंबरठा लावल्यावर नाळ खरंच गायब झाली. दोन्ही टोकांकडून बेरीज केल्यावर पट्टा आला, आणि त्याला दोन फाटे फुटले. एक कन्नड–चाळीसगावच्या बाजूने खानदेशात उतरतो, दुसरा बराच पश्चिमेकडून, नाशिककडच्या अंगाने. पट्टा काही ठिकाणी चाळीस किलोमीटर रुंद आहे. हात थरथरत पितळखोऱ्याचा बिंदू टाकला. तो पट्ट्याच्या काठावर पडला. आत नाही! उंबरठा आठ टक्के केला तर आत येतो, बारा केला तर बाहेर जातो. काका, तुम्ही आधीच बजावलं नसतं तर मी आठवर थांबून खूश झाले असते. दहावरच ठेवलाय. काठावर आहे तो काठावरच राहू दे.

डोलकाठी, समुद्र दोन रंगांत केला. जाताना हिरवा, येताना केशरी, आणि खाली बारा महिन्यांची पट्टी: तेरची गाडी कधी, भडोचचं गोदाम कधी, जहाज कधी. बेरेनिकेला रेघ समुद्रातून बाहेर काढून उंटाची ठिपक्यांची रेघ सुरू केली. भडोचच्या मुखापाशी कोटिंब होडीचं चित्र हवं होतं, पण ती दिसायची कशी ते कुणालाच नक्की माहीत नसणार, म्हणून फक्त नाव लिहिलंय. कल्याणची वाट काळ्या तुटक रेघेत आहे, आणि काका, तिच्यावर "बंद" लिहिलंय.

शंकासुर, प्रत्येक तुकड्याला रकाने केले: कुठून, कुठे, किती दिवस, कोणता महिना, वाहन, आधार, खात्री. तुमच्यावर रागावले होते दोन दिवस. मग बाण काढून टाकला.

काल कच्ची प्रिंट घेऊन वाचनालयात गेले. काका बराच वेळ बघत राहिले. "बाण कुठंय?" म्हणाले. मी म्हटलं, बाणाऐवजी दिवस लिहिलेत. मग त्यांनी चष्मा वर केला आणि तेरवर बोट ठेवून मोठ्याने मोजायला लागले. पैठण दहा. भडोच वीस, झाले तीस. मग बोट समुद्रात गेलं आणि थांबलं.

"इथं दिवसांचा चौकोन रिकामा का सोडलाय?"

म्हटलं, काका, भडोचहून बेरेनिकेला किती दिवस लागायचे ते त्या पोथ्यांत दिलेलं नाही.

"लोक विचारतील की."

"विचारू द्या."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा तिथेच थांबले. मग म्हणाले, चौकोन थोडा मोठा कर, कुणी पेनाने लिहायला नको म्हणून वर प्लास्टिक लावू.

फ्लेक्स गुरुवारी छापायला जातोय. पैठणच्या अकीकाला तुमच्याकडे काय म्हणतात ते कुणी सांगेल का? आमच्याकडे नदीत सापडणाऱ्या त्या तांबूस दगडाला मुलं नुसती गारगोटी म्हणतात, आणि मला फ्लेक्सवर गारगोटी लिहावंसं वाटतंय.

गाडीवाट

गारगोटीच लिहा.